शनिवारचा गोलकीपर

क्रॉसचा चेंडू उजवीकडून आला, जरा उंच आणि वळणारा. मेल्विनने "माझा" म्हणून आवाज दिला आणि गोल सोडून तो पुढे झेपावला. चेंडू त्याने हवेतच धरला. पण त्याच चेंडूसाठी आमच्याच एका डिफेंडरनेही उडी घेतली होती आणि त्याचा गुडघा मेल्विनच्या डाव्या कानशिलावर बसला. मी गोलच्या मागे उभा होतो. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

पडतानाही मेल्विनने चेंडू सोडला नाही. दोन-तीन सेकंद तो तसाच पडून राहिला. मग उठला, ग्लोव्हज झटकले आणि त्या डिफेंडरला म्हणाला, "गुडघा ठीक आहे ना रे तुझा?"

सगळे हसले. आमचे कोच बर्गे सर, त्यांनी शिट्टी वाजवली आणि सराव पुढे सुरू झाला.

मंगळवार होता, फेब्रुवारीतला. आमचा क्लब भीमथडी एफसी. पुण्याबाहेर, सूसच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी क्लबची तीन मैदानं होती. एकावर अकादमीची पोरं खेळायची, एकावर आमची रिझर्व्ह टीम, आणि तिसऱ्यावर, ज्याच्या कडेने हिरवी जाळी होती, मुख्य संघ. अकादमीतून रिझर्व्हला आणि रिझर्व्हमधून त्या जाळीपलीकडे, एवढाच रस्ता. त्या जाळीपलीकडे फार थोडे पोचायचे. बाकीच्यांना मे महिन्यात ऑफिसात बोलावून चहा द्यायचे आणि सांगायचे की, तुझा करार आम्ही वाढवत नाही.

मेल्विन तुस्कानो वसईचा. वडील केळी आणि फुलं करायचे. मी कोल्हापूरचा, विश्वजित साळोखे, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून आलेला. दोघंही सोळाव्या वर्षी एकाच आठवड्यात अकादमीत आलो, तेव्हापासून चार वर्षं एकाच खोलीत राहत होतो. त्याच्या घरून आलेल्या डब्यातला निम्मा माझा असायचा, आणि माझ्या आईचा फोन आला की ती आधी मेल्विनची चौकशी करायची. मैदानावर मात्र तो एक नंबर आणि मी दोन. चार वर्षांत हे कधी बदललं नाही. बाकीच्या जागांवर माणूस थोडा इकडेतिकडे सरकवता येतो. गोलमध्ये एकच जण उभा राहतो.

जानेवारीत मुख्य संघाचा तिसरा गोलकीपर क्लब सोडून गेला. त्याच्या जागी रिझर्व्हमधलाच एक जण घ्यायचा असं ठरलं होतं. शनिवारी आमचा लीगमधला शेवटचा सामना होता आणि मुख्य संघाचे कोच, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणायचो, तो बघायला येणार होते.

सराव संपवून आम्ही खोलीवर आलो. मेल्विन पलंगावर बसला. एक बूट काढला आणि दुसऱ्याची नाडी हातात धरून बसून राहिला.

"आज जिम आहे का?" त्याने विचारलं.

"आहे की. अकराला."

त्याने मान हलवली. मी टॉवेल घेतला, अंघोळीला निघालो.

"साळोखे, आज जिम आहे का?"

मी वळून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. नाडी अजून हातातच होती.

"आत्ता सांगितलं ना तुला."

"कधी?"

मी काही बोलायच्या आत तो उठला, एका बुटावरच न्हाणीघरात गेला आणि ओकला. बाहेर आला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याला आडवं केलं, खिडकीचा पडदा ओढला. उजेड नको म्हणाला.

"मी मृण्मयी मॅडमना बोलावतो," मी म्हणालो. मृण्मयी आगटे आमच्या फिजिओ. डोक्याला मार लागला तर आधी मला सांगायचं, मग आईला, असं त्या दर महिन्याला बजावायच्या.

त्याने माझं मनगट धरलं. पडलेल्या माणसाची पकड वाटत नव्हती ती.

"नको. त्या मला दोन आठवडे खाली बसवतील. नियमच आहे तसा."

"मग बस की."

"दोन आठवड्यांनी काय बघणार मोठे सर? शनिवार गेला की गेला." त्याने डोळे मिटले. "पप्पा येणार आहेत शनिवारी. आई, बहीण, सगळी. चार वर्षांत पहिल्यांदा येतायत. रविवारी मी स्वतः मॅडमकडे जाईन. तोवर कुणाला सांगू नको. शपथ घे."

"शपथ कशाला?"

"घे म्हणतो ना."

मी घेतली.

बुधवारी तो सरावाला आला. डोळ्यांवर टोपी ओढून आला, ऊन लागतंय म्हणून. चालताना तो ठीक दिसत होता, बोलतानाही. पण मी चार वर्षं त्याच्या शेजारी सराव केलेला. त्याचे हात कुठल्या चेंडूला कधी वर येतात हे मला त्याच्याइतकंच माहीत होतं. त्या दिवशी ते उशिरा येत होते. फार नाही, डोळ्याची पापणी लवेल एवढ्याच वेळाने. डावीकडचे चेंडू तो बोटांनी ढकलत होता, जे एरवी छातीशी धरायचा. एक हातातून सुटून त्याच्या पायांतून आत गेला तेव्हा त्याने स्वतःलाच शिवी घातली आणि पोरं हसली. मेल्विनकडून असं काही झालं की पोरांना गंमतच वाटायची, कारण ते कधी व्हायचं नाही.

दुपारी तो पडून राहिला. जेवला नाही. मी ताट खोलीवर नेलं तर वरणाच्या वासानेच त्याने तोंड फिरवलं.

"दुखतंय का?"

"थोडं. आतून कुणी दाबतंय असं वाटतं."

"मेल्विन, हे बरं नाही बरं का."

"दोन दिवस राहिलेत."

"तीन."

तो बोटांवर मोजायला लागला आणि मधेच थांबला.

गुरुवारी गोलकीपरांचा वेगळा सराव होता. आमचे गोलकीपिंगचे सर इनामदार, मिरजेचे, पन्नाशीचे. बोटं सगळी वाकडी झालेली. जुन्या दिवसांत ग्लोव्हजशिवाय खेळले होते ते. ते कमी बोलायचे. त्या दिवशी मेल्विन पाणी प्यायला गेला तेव्हा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तुझ्या दोस्ताला काय झालंय?"

माझ्या हातात चेंडू होता. मी तो जमिनीवर टप्पा मारून परत पकडला.

"का, सर?"

"हात ढिले पडलेत. डावीकडं तर बघतच नाही तो."

मेल्विन नळापाशी वाकून डोक्यावर पाणी घेत होता. तिथून त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मृण्मयी मॅडमची खोली तिथून पन्नास पावलांवर होती, दार उघडंच होतं.

"मला काय ठाऊक नाही, सर," मी म्हणालो. "तुम्हीच बघा ना."

"बघतोच आहे." त्यांनी नळाकडे नजर टाकली. "शनिवारचं टेन्शन घेतलं असेल. पोरं घेतात. तू जरा त्याला मोकळं कर. जीव लावतो तो तुला."

"हो, सर."

"आणि तूही तयार राहा. बाकावरचा माणूस तयारच पाहिजे."

त्यानंतरचा अर्धा तास इनामदार सरांनी मेल्विनला डावीकडेच चेंडू मारले. एकामागून एक. मेल्विन दात आवळून झेपावत होता. प्रत्येक वेळी अंग जमिनीवर आपटलं की तो डोळे घट्ट मिटायचा आणि मग उघडायचा. मी शेजारी उभा राहून चेंडू गोळा करत होतो. दहातले सहा त्याने धरले, मग सात, शेवटी शेवटी नऊ. कुठून आणलं त्याने ते, मला आजही कळलेलं नाही. सर समाधानाने शिट्टी खिशात घालून निघून गेले.

ते वळल्याबरोबर मेल्विन गुडघ्यांवर बसला आणि कपाळ गवताला टेकवलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, प्रार्थना करतोय.

शुक्रवारी दुपारी बर्गे सरांनी यादी लावली. भोजनगृहाच्या दारापाशी कॉर्कचा फळा होता त्यावर. गर्दीतून मी पुढे गेलो. पहिलंच नाव, तुस्कानो. खाली रेघ, रेघेखाली राखीव खेळाडू, त्यातलं पहिलं साळोखे. मी ते दोन वेळा वाचलं. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं. नेहमीच थोपटायचे, सवय झाली होती.

खोलीवर मेल्विन ओला रुमाल डोळ्यांवर घेऊन पडला होता.

"लागली का यादी?"

"लागली. तूच आहेस."

त्याने रुमाल काढला नाही. ओठ हलले फक्त. मग म्हणाला, "नव्वद मिनिटं, साळोखे. एवढंच."

"आणि मधे कुणी परत धडकलं तर?"

"नाही धडकणार."

"तुझ्या हातात आहे का ते?"

"तू शपथ घेतली आहेस," तो म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

शनिवारी सामना चार वाजता होता. तीनला आम्ही मैदानात उतरलो. मोठे सर आले होते. पत्र्याच्या छपराखाली पांढरी टोपी घालून, एकटेच, मांडीवर वही घेऊन बसले होते. त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला मेल्विनचे आईवडील आणि बहीण. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मला बघून त्यांनी हात वर केला. मीही केला.

वॉर्म-अपला गोलकीपरला चेंडू मारायचं काम दुसऱ्या गोलकीपरचं. म्हणजे माझं. आधी हातात सोपे द्यायचे, मग जमिनीलगत, मग उंच. मेल्विन सोपे धरत होता. चेहरा घामाने डबडबलेला, अजून धावलाही नव्हता. मी दहा पावलं मागे गेलो आणि त्याच्या डाव्या खांद्याच्या उंचीवर एक मारला, जोरात नाही, रोज मारायचो तसाच.

त्याचे हात वर आलेच नाहीत. चेंडू कानाजवळून जाऊन जाळीत बसला. त्यानंतर त्याने मान वळवली.

"ऊन डोळ्यांत आलं," तो म्हणाला.

ऊन त्याच्या पाठीमागे होतं.

मी दुसरा चेंडू घेतला नाही. वळलो आणि मैदानाच्या कडेने चालायला लागलो. मागून त्याने हाक मारली, "साळोखे." मी चालत राहिलो. परत हाक आली, या वेळी माझ्या नावाने. "विश्वजित." चार वर्षांत त्याने मला नावाने हाक मारली नव्हती.

मृण्मयी मॅडम बाकाशेजारी खाली बसून कुणाच्या तरी घोट्याला पट्टी गुंडाळत होत्या.

"मॅडम, मेल्विनला बघा."

"काय झालं?"

"डोक्याला लागलंय त्याच्या. त्याला दिसत नाही नीट. डावीकडचं."

त्यांनी पट्टी तशीच सोडली. माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं आणि उठल्या.

त्यांनी त्याला गोलपोस्टला टेकवून बसवलं. डोळ्यांत बॅटरी मारली, बोट इकडून तिकडे फिरवलं. मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. मेल्विन डिसेंबर, नोव्हेंबर म्हणाला, थांबला, परत डिसेंबर म्हणाला. एवढ्यात बर्गे सर धावत आले.

"काय चाललंय? पंचवीस मिनिटं राहिलीत, मॅडम."

"हा खेळणार नाही."

"अहो, काल तर ठणठणीत होता. यादी गेली रेफ्रीकडे."

"बदला यादी. आणि गाडी काढायला सांगा, दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

"सामना झाल्यावर नेला तर नाही चालणार?"

मॅडम उभ्या राहिल्या. उंचीने त्या सरांच्या खांद्यापर्यंतही नव्हत्या. "सर, तुम्हाला तसं हवं असेल तर कागदावर लिहून सही करून द्या. मी त्याच्या वडिलांना नेऊन दाखवते. ते तिथे बसलेत."

बर्गे सरांनी छपराकडे बघितलं. मेल्विनचे वडील उभे राहिले होते आणि लोखंडी कठड्यावरून खाली यायचा रस्ता शोधत होते.

संघातल्या दोघा पोरांनी मेल्विनला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. माझ्यासमोरून जाताना तो थांबला. मला वाटलं, शिवी देईल. त्याने हातातले ग्लोव्हज काढले, खाली टाकले आणि गेला. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली होती. तिला काही कळलं नव्हतं. तिला वाटलं असावं की, मी त्याला मदत करतोय.

इनामदार सर माझ्याजवळ आले. "जा, कपडे बदल," एवढंच म्हणाले.

मी खेळलो. त्या नव्वद मिनिटांतलं मला फार आठवत नाही, आणि जे आठवतं ते शरीराला आठवतं. हात आपसूक वर येत होते. आमच्या स्ट्रायकरने तासाभराने एक गोल केला. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा फॉरवर्ड एकटा सुटला आणि माझ्यासमोर आला. मी पुढे गेलो, उजवा पाय पसरला आणि चेंडू टाचेला लागून बाहेर गेला. त्यानंतर एक हेडर, वरच्या कोपऱ्यात जाणारा, तो मी बोटांनी दांड्यावरून काढला. एक-शून्य. संपल्यावर मोठे सर वही बंद करून खाली आले, माझा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, "तुझं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

इनामदार सरांच्या मोटरसायकलवरून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. मी अजून मोजे आणि शॉर्टवरच होतो. मेल्विनला आतल्या खोलीत ठेवलं होतं, डोक्याशी मशीन. आई खुर्चीवर जपमाळ धरून बसलेली. वडील भिंतीला टेकून उभे. मृण्मयी मॅडम आणि एक डॉक्टर दारापाशी बोलत होते. डॉक्टरांच्या हातात स्कॅनची काळी फिल्म होती.

"कवटीच्या आत रक्त साचलंय," डॉक्टर म्हणाले. "थोडं आहे, बहुतेक आपोआप जिरेल. ऑपरेशन टळेल असं वाटतं. पण हे आजचं नाही. तीन-चार दिवसांचं आहे. आज याला परत कुणाचा धक्का लागला असता, तर मी तुमच्याशी असा बोलत उभा राहिलो नसतो." ते मेल्विनच्या वडिलांकडे वळले. "चार दिवस हा मुलगा असाच फिरत होता का? कुणाच्या लक्षात नाही आलं?"

वडिलांनी नकारार्थी मान हलवली. ते वसईला होते, त्यांना काय ठाऊक.

मग मृण्मयी मॅडमनी मला विचारलं. आवाज चढवला नाही, फक्त सरळ माझ्याकडे बघून विचारलं. "विश्वजित, तू त्याच्या खोलीत असतोस. तुला कधी कळलं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. इनामदार सर माझ्या मागे उभे होते. तुम्हीच बघा ना, असं मी त्यांना गुरुवारी म्हणालो होतो. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"आजच," मी म्हणालो. "वॉर्म-अपला."

मॅडम माझ्यावरची नजर काढत नव्हत्या. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. मला वाटलं होतं मेल्विन झोपलाय.

"हो," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "याला काही माहीत नव्हतं. मीच लपवलं."

त्याच्या आईने जपमाळ मांडीवर ठेवली, उठून माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन कपाळाला लावले. माझ्या हातांना अजून ग्लोव्हजचा वास येत होता.

मेल्विन अकरा दिवसांनी घरी गेला. रक्त जिरलं, पण डॉक्टरांनी खेळायचं कायमचं बंद केलं. जूनमध्ये मी जाळीपलीकडच्या मैदानावर गेलो. आधी तिसरा, दोन वर्षांनी दुसरा, मग पहिला. आठ हंगाम खेळलो. क्लबच्या मासिकात माझ्यावर लेख आला, सहकाऱ्याचा जीव वाचवणारा गोलकीपर म्हणून. नंतर जिथे जाईन तिथे तीच गोष्ट निघायची. अकादमीच्या पोरांना डोक्याच्या दुखापतीबद्दल सांगायला मृण्मयी मॅडम दरवर्षी मला बोलवायच्या. माझं बोलणं होईपर्यंत त्या मागच्या रांगेत उभ्या राहायच्या. एका वर्षी बोलावणं आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही. मी विचारलं नाही.

खेळणं थांबल्यावर मी त्याच क्लबात गोलकीपिंगचा कोच झालो. गेल्या वर्षी अकादमीच्या निवड चाचण्या घ्यायला वसईला गेलो होतो. चर्चमागच्या मैदानावर साठ-सत्तर पोरं आली होती. त्यांतल्या बारा जणांना घेऊन एक माणूस आला, जरा जाड झालेला, केस कानांवर पिकलेले. तो गावातल्या पोरांना संध्याकाळी शिकवतो हे मला माहीत होतं. अधूनमधून आम्ही एकमेकांना सणासुदीला मेसेज करायचो. भेटलो मात्र अकरा वर्षांनी.

चाचण्या दुपारी संपल्या. पोरं पांगली. आम्ही मैदानाच्या कडेच्या दगडी कट्ट्यावर बसलो. तो पोरांबद्दल बोलला, मी माझ्या मुलीबद्दल. वडील दोन वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं त्याने. मला कळलं होतं, मी आलो नव्हतो.

मग मीच विचारलं. "दवाखान्यात तू तसं का म्हणालास?"

"कसं?"

"मला माहीत नव्हतं म्हणून."

त्याने खांदे उडवले. "गप्प बसायला मीच सांगितलं होतं तुला. शपथ घातली होती. तू माझ्यासाठी गप्प बसलास, आणि मी तुझ्यावर ढकलू? क्लबने दुसऱ्या दिवशी काढलं असतं तुला."

समोर एक बाई मैदानातून आडवी चालत गेली, तिला पलीकडच्या फाटकापर्यंत जाऊ दिलं.

"मी तुझ्यासाठी गप्प नव्हतो, मेल्विन."

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"बुधवारी तुझे हात बघितले तेव्हाच मला कळलं की हे वाढणार. मी म्हटलं, दोन दिवसांत सरांना आपोआप दिसेल. तुला बसवतील. मी शपथही मोडली नाही असं होईल आणि जागाही मिळेल. गुरुवारी इनामदार सरांनी विचारलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो, तुम्हीच बघा. मला वाटलं, बघितल्यावर काढतीलच. पण तू दहातले नऊ धरलेस." मी नजर मैदानावरच ठेवली. "मग यादी लागली आणि तुझंच नाव आलं. शनिवारी तो चेंडू तुझ्या कानाजवळून गेला तेव्हा मी घाबरलो, हे खरं आहे. खूप घाबरलो. पण मॅडमकडे चालत गेलो तेव्हा छपराखाली पांढरी टोपी आहे की नाही, तेही मी आधी बघून घेतलं. हे कुणाला सांगितलं नाही मी. बायकोलासुद्धा नाही."

मेल्विनने कट्ट्यावरचा एक खडा उचलला आणि बोटांत फिरवत राहिला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गुरुवारपासून. मी नळाखालून उठलो तेव्हा तू मॅडमच्या दाराकडे बघत होतास. मी म्हटलं, आता जाणार हा. तू गेला नाहीस, माझे चेंडू गोळा करायला आलास. तेव्हा कळलं. म्हणूनच तर नऊ धरले मी. तुला मिळू द्यायचं नव्हतं म्हणून."

माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

"मग तरीही दवाखान्यात..."

"पडल्यापडल्या मी तोच विचार करत होतो," मेल्विन म्हणाला. "उलटं असतं तर मी काय केलं असतं. गुडघा तुला लागला असता आणि मी बाकावर असतो तर." त्याने खडा खाली ठेवला. "मी शनिवारीही बोललो नसतो, साळोखे. तुला खेळू दिलं असतं. तू चुकत गेला असतास आणि मी बघत बसलो असतो. म्हणून म्हणालो तसं."

चर्चच्या बाजूने त्याची दोन पोरं पळत आली. निकाल कधी लागणार विचारत होती. मेल्विनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"यांना विचारा," तो म्हणाला. "हे सर सांगतील."